शोक आणि ध्यास : काही आत्मचरित्रांच्या निमित्ताने

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या आनंदाच्या प्रसंगी शोकाचा विषय बोलण्यासाठी निवडावा, हे काहींना औचित्याला सोडून वाटण्याचा संभव आहे. परंतु जी संस्था पन्नास वर्षे टिकते, तिच्या वृत्तांतात गणेशोत्सवांची, नाटकांची आणि कोजागिरीच्या रात्रींची जशी नोंद असते, तशी ज्यांची खुर्ची एके दिवशी रिकामी झाली अशा माणसांचीही एक न लिहिलेली नोंद असते. आज या सभागृहात बसलेल्या ज्येष्ठांपैकी कितीतरी जणांचा जोडीदार पुण्यात, सांगलीत किंवा नागपुरात निवर्तला आणि मागे राहिलेल्याला मुलाने वा मुलीने बंगळुरास आणले. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या मुलांसाठीही, हा विषय मी घेतला आहे.

आपल्या मूळ गावी मृत्यू झाला की घराचे दार दहा-बारा दिवस मिटत नाही. शेजारची मंडळी पिठले-भात घेऊन येतात, कोणी नुसते येऊन ओसरीवर बसते, कोणी गेलेल्या माणसाची एखादी जुनी गंमत सांगते आणि रडणारे घर क्षणभर हसते. येथे बहुमजली इमारतीत उद्वाहनात भेटणाऱ्या शेजाऱ्याला आपल्या घरी काय घडले हे सांगायचे तर आधी भाषा जुळवावी लागते. ज्यांचे आईवडील तिकडे आहेत त्यांना पहाटे दूरध्वनी येतो. विमान मिळून ते पोहोचेपर्यंत पुष्कळदा अग्निसंस्कार होऊन गेलेला असतो. आणि दिवसकार्य आटोपताच पुढच्या सोमवारी कचेरीत हजर व्हावे लागते. दूर राहणाऱ्याचा शोक असा अर्धवट राहतो. तो मांडायला अंगण नसते आणि ऐकायला माणूस नसतो.

अशा वेळी पुस्तक काय करू शकते? उपदेशपर ग्रंथांचा मला अनादर नाही. आत्मा अमर आहे हे वचन खरे असेल. पण दुपारी चार वाजता एका कपाचाच चहा ठेवताना ते वचन हाताशी येत नाही. त्या वेळी मला आत्मचरित्रे अधिक उपयोगी वाटली आहेत. विशेषतः अशा माणसांची, की ज्यांनी शोकाच्या काळात स्वतःला एखाद्या कामाच्या, विद्येच्या किंवा छंदाच्या पूर्ण स्वाधीन केले. त्यासाठी आपल्या भाषेत ‘ध्यास’ हा शब्द आहे. विरंगुळा वेळ घालवतो. ध्यास वेळ मागतो. हा फरक ध्यानात ठेवून काही पुस्तकांकडे आपण पाहू.

प्रथम लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. हे पुस्तक १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले आणि मराठी घरांतून आजही वाचले जाते. आपण ते हसत हसत वाचतो, आणि त्यातील शोकाची दोन चित्रे त्यामुळे सहज नजरेतून निसटतात. पहिले चित्र अगदी आरंभीचे आहे. १८५७ च्या उठावानंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. त्या आघातानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, आणि या धुण्यातून मीठसाखरसुद्धा सुटायची नाही. वाचकाला हसू येते. पण थोडे थांबून पाहिले तर दिसते की हाही एक ध्यासच आहे. तो दिवसभर पुरतो, त्याला कडक नियम आहेत, त्यात माणूस स्वतःला विसरतो. मात्र त्याने घरातील प्रत्येकाचे जगणे अवघड केले. ज्या भयातून तो निघाला, ते भय त्याने रोज नव्याने जागे ठेवले.

दुसरे चित्र त्याच घरातून आलेल्या मुलीचे. १९१९ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक वारले तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीच्या घरात होत्या. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य टिळकांनी हाती घेतले होते आणि त्याचे दहा अध्याय लिहून झाले होते. ज्या बाईंना शाळेचे शिक्षण जवळजवळ नव्हतेच, ज्यांना अक्षरओळखही लग्नानंतर पतीकडून, तीही तुटक तुटक, झाली, त्यांनी ते काव्य पुढे नेले आणि स्वतःचे ६४ अध्याय लिहून पुरे केले. दहा आणि चौसष्ट या आकड्यांकडे मी आपले मुद्दाम लक्ष वेधतो. पतीचे अपुरे काम उरकून टाकायचे एवढाच हेतू असता, तर काम इतके मोठे झाले नसते. पतीच्या दहा अध्यायांतून एक वाट मिळाली आणि त्या वाटेवर लक्ष्मीबाई स्वतःच्या पायांनी पुष्कळ दूर गेल्या. त्यात गेलेल्या माणसाला जागा होती आणि लिहिणारीलाही होती.

वडिलांचा ध्यास आणि मुलीचा ध्यास यांत फरक कोणता? माझ्या मते एकच, पण मोठा. वडिलांच्या ध्यासाने माणसे दूर केली. मुलीच्या ध्यासाने माणसे जवळ आणली. ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तकही असेच जन्मले. टिळकांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलाने आईकडे आठवणी लिहून मागितल्या, आणि आई लिहीत गेली. कोणीतरी मागितले म्हणून हे घडले, ही गोष्ट मला शेवटी पुन्हा सांगायची आहे.

आता रमाबाई रानडे. न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या जानेवारीत निवर्तले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही आत होत्या. त्या काळी विधवा स्त्रीने घराच्या कोपऱ्यात दिवस काढावेत अशी रूढी होती, आणि रमाबाईंनीही आरंभीचा काळ एकांतातच काढला. पुढे पतीची धर्मपर व्याख्याने छापून काढण्याचे काम त्यांनी हाती घेतले. त्या येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना भेटू लागल्या. १९०८ मध्ये मुंबईस सेवासदन निघाले त्याच्या त्या अध्यक्ष झाल्या आणि १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन उभे राहिले. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० चे. या तिन्ही वर्षांचा क्रम पाहावा. शोकाला नऊ वर्षे लोटल्यावर, शिवणकामाचे वर्ग, परिचारिकांचे शिक्षण, वर्गणीच्या याद्या यांच्या गर्दीत बसून या बाईंनी पतीच्या आठवणी लिहिल्या. आठवणी लिहिण्याचे बळ कामातून आले, असे मानण्यास जागा आहे. पुस्तकात सेवासदनाचा गाजावाजा नाही. ते पतीच्या अखेरीपाशी थांबते. पुढे काय झाले ते वाचकाने त्या सालांवरून समजून घ्यायचे.

रमाबाईंच्या पाठीशी न्यायमूर्तींचे नाव होते, असे कोणी म्हणेल. म्हणून पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) शेजारी ठेवावी. कोकणातील साध्या घरची ही मुलगी विशीतच विधवा झाली. पदरी एक मुलगा होता. बहीण बाया कर्वे आणि धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे त्यांचा हिंगण्याच्या अनाथ बालिकाश्रमाशी संबंध आला आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करणे हेच त्यांचे आयुष्य झाले. इंग्रजीचे तुटपुंजे ज्ञान असताना त्या एकट्या अमेरिकेस गेल्या, तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, आणि आश्रमासाठी पैसा घेऊन परतल्या. परक्या मुलखात, परक्या भाषेत, मराठी शब्द कानी पडण्याची शक्यता नसताना एका मराठी विधवेने काढलेली ही वर्षे बंगळुरात राहणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी अवश्य वाचावीत. आपल्या अडचणी त्यामुळे लहान ठरत नाहीत; पण त्यांना एक सोबतीण मिळते.

येथवर मी महाराष्ट्रातील उदाहरणे दिली. आता आपण ज्या भूमीत राहतो तिच्याकडे वळू. १९३९ हे साल घ्या. त्या एका वर्षात दोन पुरुषांना पत्नीवियोग झाला, आणि दोघांच्याही पुढच्या वाटचालीचा या म्हैसूर मुलखाशी संबंध आहे. त्यांतले एक पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली आणि दुसरे कादंबरीकार आर. के. नारायण. दोघांनीही पुढे इंग्रजीत आत्मचरित्रे लिहिली : नारायण यांचे ‘माय डेज’ १९७४ चे, सलीम अलींचे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ १९८५ चे.

सलीम अली मुंबईचे. पत्नी तेहमिना यांनी त्यांच्याबरोबर रानोमाळ तंबूत दिवस काढले होते. १९३३ मधील त्रावणकोर-कोचीनच्या पक्षिपाहणीत त्या सोबत होत्या. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या अकस्मात गेल्या. मूल नव्हते. सलीम अली मुंबईस बहिणीच्या घरी राहू लागले, आणि १९३९-४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या पक्ष्यांच्या पाहणीसाठी याच रानांत उतरले. या वेळी तंबूत तेहमिना नव्हत्या. पक्षिपाहणी म्हणजे काय, हे आपण थोडे डोळ्यांसमोर आणावे. उजाडण्यापूर्वी उठायचे, कान आणि डोळे उघडे ठेवून मैलोगणती चालायचे, मिळालेल्या प्रत्येक नमुन्याची जागा, तारीख, मापे लिहायची, रात्री कंदिलाच्या उजेडात टिपणे पुरी करायची. पक्षी कोणाच्या दुःखासाठी थांबत नाही. तो पहाटे ओरडतो, आणि ऐकायचे असेल तर पहाटे उठावेच लागते. शोकाकुल माणसाला सकाळी अंथरुणातून उठण्याचे कारण लागते. ते या कामाने पुरवले. म्हैसूरच्या पक्ष्यांवरील त्यांची लेखमाला १९४२-४३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी, १९४१ मध्ये, ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ निघाले, ज्याने पुढे कित्येक पिढ्यांना पक्षी ओळखायला शिकवले. कब्बन पार्कात किंवा लालबागेच्या तळ्याकाठी सकाळी दुर्बीण घेऊन उभे असलेले लोक आपण पाहतो. त्या परंपरेचा एक धागा असा एका एकाकी माणसाच्या पहाटेपर्यंत जातो.

नारायण यांची गोष्ट निराळी. त्यांची पत्नी राजम विषमज्वराने गेली आणि पदरी लहानगी मुलगी राहिली. काही काळ लेखणी बंद पडली. गेलेल्या पत्नीशी संपर्क साधण्याच्या खटाटोपातही ते काही दिवस रमले, आणि ‘माय डेज’मध्ये ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे. त्यावर आपला विश्वास बसो वा न बसो; पण त्या अनुभवाचे त्यांनी पुढे जे केले ते महत्त्वाचे आहे. १९४५ मध्ये ‘द इंग्लिश टीचर’ ही कादंबरी निघाली आणि त्यात घर, आजारपण, वियोग सर्व काही आले. सलीम अलींनी शोकाकडे पाठ करून पक्ष्यांकडे पाहिले, तर नारायण यांनी शोकालाच कामाचा विषय केले. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. दुःखी माणसाला ‘मन दुसरीकडे वळवा’ असा एकच सल्ला देणाऱ्यांनी नारायण वाचावेत, आणि ‘मोकळेपणी बोला, रडा’ एवढेच सांगणाऱ्यांनी सलीम अली वाचावेत.

ज्यांना कन्नड येते त्यांच्यासाठी आणखी एक नाव. बुल टेम्पल रस्त्यावरची गोखले सार्वजनिक विचार संस्था आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. रानड्यांना गुरू मानणाऱ्या नामदार गोखल्यांच्या नावाने ती डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये स्थापली. गुंडप्पांना तरुण वयात पत्नीवियोग झाला आणि त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्यांच्या ‘ज्ञापक चित्रशाळे’ या बहुखंडी आठवणींत विद्वान, गायक, वैदिक, दिवाण अशी शेकडो माणसे भेटतात. स्वतः लेखक मात्र कडेला उभा असतो. स्वतःच्या दुःखाविषयी फारसे न बोलता इतरांच्या आयुष्यात इतका रस घेणे, हाही ध्यासाचाच एक प्रकार आहे. शेजारच्या भाषेतील हे धन आपल्या मुलांनी तरी वाचावे.

अलीकडच्या काळात या प्रकारचे जगभर वाचले गेलेले पुस्तक म्हणजे हेलन मॅकडोनाल्ड यांचे ‘एच इज फॉर हॉक’ (२०१४). वडील अकस्मात वारल्यावर इंग्लंडमधील या लेखकाने बाज जातीचा शिकारी पक्षी विकत घेतला आणि त्याला शिकवण्यात स्वतःला बुडवून टाकले. आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या पदरी बाज शिकवणारे लोक असत. ते काम किती चिकाटीचे असते याची कल्पना जुन्या चित्रांतील हातावर बसलेल्या पक्ष्यावरून यावी. हे पुस्तक मला मोलाचे वाटते ते त्यातील प्रामाणिकपणामुळे. बाजाच्या सहवासात दुःख थांबले, पण त्याबरोबर माणसेही दूर गेली. मित्र नकोसे झाले, घराबाहेर पडणे अवघड झाले. अखेरीस रानटी पक्ष्याचे जगणे आपले नव्हे, आपल्याला माणसांत परतायचे आहे, हे मॅकडोनाल्ड यांना उमगते. सोवळ्याचे वेड लागलेले लक्ष्मीबाईंचे वडील आणि हा बाज, यांच्यात शंभरांहून अधिक वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर आहे. तरीही धोका एकच आहे : शोकापासून वाचवणारी भिंत माणसांनाही बाहेर ठेवते.

मग ध्यास चांगला की वाईट, हे ओळखावे कसे? या पुस्तकांच्या वाचनातून मला एक साधी कसोटी सापडली. त्या कामाला दार आहे की नाही, हे पाहावे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपणांपैकी बहुतेकांनी शालेय सहलीत पाहिले असेल. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी, गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, कोरीव दरवाजे, भातुकलीची भांडी जमवीत राहिले. त्यांचा लहानगा मुलगा राजा अकाली गेला. या संग्रहाला त्यांनी त्याचे नाव दिले आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या, म्हणजे सर्व लोकांच्या, स्वाधीन केला. सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह त्यांनी कुलुपात ठेवला असता, तर तो एका दुःखी बापाचा साठा राहिला असता. त्यांनी दार उघडले. आज कोठल्याही शाळेतील मूल तेथे जाऊन राजाचे नाव वाचते. ते मूल कोण होते हे त्याला ठाऊक नसते. पण नाव उच्चारले जाते.

आता आपल्या मंडळाकडे वळतो आणि थोडक्यात दोन-तीन सूचना करतो. पहिली, आपल्या ग्रंथालयात कादंबऱ्यांचे कपाट भरलेले आहे, तसे आत्मचरित्रांचे एक निराळे कपाट असावे, आणि त्यात आज उल्लेखिलेली पुस्तके मोठ्या टंकात मिळत असतील तर तीच घ्यावीत. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्या घरी पुस्तक पोहोचवण्याची व्यवस्था आपल्या तरुण सभासदांनी करावी. पुस्तक देऊन लगेच परतू नये. पंधरा मिनिटे बसावे. पोहोचवणाऱ्याला मराठी वाचायला अडचण असेल तर आजींनी वाचावे आणि नातवाने ऐकावे, हेही चालेल.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे त्याला आपण एकदा भेटून येतो, ‘काही लागले तर सांगा’ म्हणतो आणि निघतो. तो काही सांगत नाही, कारण काय लागते हे त्याचे त्यालाच कळलेले नसते. त्याऐवजी काही महिन्यांनी त्याच्याकडे जावे आणि काहीतरी मागावे. लक्ष्मीबाईंकडे मुलाने आठवणी मागितल्या, तसे. ज्या काकूंना जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत त्यांच्याकडून त्या लिहून मागाव्यात. जे काका तीस वर्षे लेखापाल होते त्यांना मंडळाच्या पन्नास वर्षांच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या नीट लावून द्यायला सांगावे. ज्यांना बागकाम येते त्यांना मुलांना झाडे ओळखायला शिकवण्यासाठी लालबागेत न्यावे. मागणी खरी असावी. कोणाला तरी गुंतवून ठेवायचे म्हणून काढलेले काम शोकाकुल माणूस ताबडतोब ओळखतो आणि मनातून दुखावतो. काम असे असावे की ते त्यांनी केले नाही तर मंडळाचे खरोखर अडेल.

तिसरी गोष्ट सूचना नव्हे, सावधगिरी आहे. सर्वांनाच ध्यास लागेल असे नाही, आणि तो लागला नाही म्हणून कोणी उणा ठरत नाही. लक्ष्मीबाई किंवा सलीम अली यांच्यापाशी दुःखापूर्वीच काही होते : कुणापाशी अपुरे काव्य, कुणापाशी पक्षी. ज्यांचे सारे आयुष्य जोडीदाराच्या आजारपणाची सेवा करण्यात गेले, त्यांचे हात एकदम रिकामे होतात. त्यांना वेळ लागतो. दुःख दीर्घकाळ हटत नसेल, झोप आणि अन्न सुटले असेल, तर पुस्तकाच्या आधी वैद्याकडे जाणे आवश्यक आहे, आणि आपल्या शहरात त्याची उत्तम सोय आहे. पुस्तक सोबत करते. औषधाची जागा ते घेऊ शकत नाही.

बंधुभगिनींनो, या सर्व आत्मचरित्रांत मला कोठेही दुःख ‘संपले’ असे वाक्य सापडले नाही. रमाबाईंनी नऊ वर्षांनी लिहिले तरी पतीचे शेवटचे दिवस त्यांना काल घडल्यासारखे आठवत होते. सलीम अलींनी तर पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर तेहमिनांविषयी लिहिले. दुःख राहिले, त्याच्या बाजूला दुसरेही काही उभे राहिले आणि त्यावर इतरांना बसायला जागा झाली. आपल्या मंडळाने पुढील पन्नास वर्षांत अशा जागा निर्माण कराव्यात, एवढी अपेक्षा व्यक्त करतो. ग्रंथालयाची नवी यादी पुढील महिन्यापर्यंत तयार व्हावी अशी विनंती मी कार्यवाहांना केली आहे. आपणांपैकी ज्यांच्या घरी ‘माझी कहाणी’ची जुनी प्रत असेल त्यांनी ती अवश्य कळवावी.